पाण्याखालची गल्ली

लाखनीच्या कॉलेजात मी बी.ए.च्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचे. कुणी भूगोलाचं, कुणी मराठीचं. बहुतेकांची ओळख फक्त मोबाइलशी. तास दुपारचा. महामार्गावरच्या ट्रकांची घरघर खिडकीतून यायची आणि पंख्याखाली डोळे जड व्हायचे, माझेसुद्धा.

त्या दिवशी स्क्रीनवर बाण चालवायला शिकवत होते. पुढे जा लिहिलं की बाण पुढे जातो, वळ लिहिलं की वळतो, मागे रेघ उमटत राहते. चौकोन काढा, एवढं सांगून मी बाकांमधून फिरू लागले.

भूगोलाच्या एका मुलीचा चौकोन काही पुरा होईना. काय अडलं विचारलं, तर म्हणाली, ती चौकोन काढतच नाहीये, जुन्या गावात फिरतेय. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात तिचं गाव गेलं, तेव्हा ती लहान होती. घरापासून विहिरीपर्यंत तिला आठवत होतं. पुढे कुठे वळायचं, ते आठवेना.

आईला फोन लाव, स्पीकरवर, मी म्हटलं.

आई नव्या वस्तीजवळच्या शेतात भाताच्या रोवणीला गेली होती. भर दुपारी फोन आला म्हणून ती घाबरली. मुलीने विहिरीपुढचा रस्ता विचारला.

"काहून विचारून राहिली वं?"

"आपलं गाव काढून राहिली, माय. कंप्युटरवर."

मग आई सावकाश बोलू लागली.

"विहिरीपासून डाव्या हाताले वळ. मंग चिंच लागते. तिथं हळू चाल, मुळ्या वर आल्या हायेत."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, बाणाचा वेग कमी कसा करायचा. मी दाखवलं. चिंचेखालून बाण अगदी हळू गेला. एव्हाना सगळा वर्ग तिच्या मागे गोळा झाला होता. आई सांगत गेली: गोठा, बुद्धविहार, उतार. नदीशी रेघ थांबली.

"पोचली का?" आईने विचारलं.

"पोचली."

त्या दुपारी चौकोन कुणाचाच झाला नाही. घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत, आणि मीही त्यांना उठवलं नाही.

माझ्या विषयात ती जेमतेम पास झाली. सध्या नागपुरात नकाशे तयार करायला शिकते. सुट्टीत वस्तीत आली की म्हाताऱ्यांना विचारून जुन्या गावाचं एकेक घर नकाशात मांडते. अजून बरंच गाव बाकी आहे, म्हणते.