सकाळी आठचा नमुना

मी आर्मी मेडिकल कोरमध्ये लॅब असिस्टंट होतो. रायफल शिकलो, पण नोकरीभर हातात सुई आणि काचेची नळीच राहिली. गाव हिंगोलीकडचं पुसेगाव. नव्वदच्या दशकात माझी पोस्टिंग उत्तरेतल्या एका मिलिटरी हॉस्पिटलला झाली. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता.

रुटीन ठरलेलं होतं. ०५:३० ला उठायचं, ०७:३० ला लॅब उघडायची, ०८:०० ला आयसीयूत रक्ताचे नमुने. हार्मोन दिवसभरात वरखाली होतात, म्हणून वेळ चुकवायची नाही अशी सक्त ताकीद होती. आमच्या मेजर मॅडम एक स्टडी करत होत्या. स्फोटात, गोळीबारात किंवा गाडी दरीत जाऊन गंभीर जखमी झालेल्या जवानांच्या रक्तातले हार्मोन रोज मोजायचे आणि पुढे कोण वाचतो, कोण नाही, ते बघायचं. मुख्य हार्मोन दोन. एक कॉर्टिसॉल, दुसरा थायरॉईडचा टी-थ्री. मोठी जखम झाली की शरीर टी-थ्री खाली आणतं. तो पुन्हा चढू लागला तर बहुतेक माणूस सावरतो. खालीच जात राहिला तर आशा कमी. औषधाने तो वाढवला म्हणून माणूस वाचतो असंही नव्हतं. आकडा फक्त पुढचा अंदाज सांगत होता.

मॅडमचा हुकूम एकच.

"नंबर किसी को नहीं. वॉर्ड को भी नहीं. समझे?"

"जी मॅडम."

आकडा कळला तर वॉर्डातल्या लोकांचे हात सैल पडतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटलं होतं. पण वर्षभरात माझी एक सवय झाली. मी जखमींच्या तोंडाकडे बघणं सोडलं. हाताची शीर बघायची, नळी भरायची, निघायचं.

एका सकाळी १०:४० ला रेडिओ रूममधून निरोप आला. "माइन ब्लास्ट. एक सिरीयस. बारा वाजता हेलिपॅड. ओव्हर."

१२:०५ ला स्ट्रेचर उतरलं. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. पोटात स्फोटाचे तुकडे. मी ब्लड ग्रुपसाठी रक्त घेतलं आणि कागद भरायला घेतला. हुद्दा नाईक, नाव दिगंबर. गाव डोंगरकडा.

डोंगरकडा माझ्या गावापासून फार लांब नाही. त्या दिवशी मी तोंडाकडे बघितलं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. दिगंबर व्हेंटिलेटरवर गेला. दुसऱ्या दिवशी टी-थ्री खाली आला, ते अपेक्षितच होतं. तिसऱ्या दिवशी किंचित चढला. मी तो नमुना पुन्हा लावून खात्री केली. चौथ्या दिवशी १४:०० ला आकडा आला तो इतका खाली, की मी मशीनच तपासलं. मशीन बरोबर होतं.

त्याच सकाळी दिगंबरचे वडील पोचले होते. किसनराव. धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी. त्यांना हिंदी येत नव्हती, म्हणून सिस्टरने मला बोलावलं. आपली बोली ऐकल्यावर त्यांनी माझा हातच धरला. बाहेर बाकावर बसून धपाट्यांचं फडकं सोडलं आणि आधी माझ्यापुढे सरकवलं. मी आडनाव सांगितलं होतं, त्यावरून माझी जात कळते. त्यांनी ते ऐकलं होतं. तरी फडकं माझ्यापुढेच राहिलं.

दुपारी १४:३० ला ते मला पुन्हा भेटले.

"भाऊ, येक विचारू? सून माहेरी हाय. सातवा महिना चालू हाय तिला. बोलावून घेऊ का?"

माझा हात खिशाकडे गेला.

"का दिगू बरा होऊ द्यावा अन् मंग बोलवावं? तुमी आतले मानसं. तुमाला ठाऊक."

आकडा माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर होता. अजून रजिस्टरवर चढवला नव्हता.

"काका," मी म्हणालो, "येवढ्यात नका बोलावू. तिची हालत बघा. प्रवास लई लांबचा हाय."

यात खोटं काही नव्हतं. पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यांना वाटलं, मी चांगली बातमी दिली. ते तसेच एसटीडी बूथवर गेले. काचेआडून त्यांचा आवाज बाहेर येत होता. "आतल्या मानसानं सांगितलं. भेऊ नका. आपल्याकडचाच हाय त्यो."

नाईक दिगंबर आठव्या दिवशी सकाळी ०९:१० ला गेला. त्या दिवशीचा नमुना मी ०८:०० ला घेतला होता. तपासायची गरज उरली नव्हती. तरी मी तो मशीनवर लावला, आकडा लिहिला, सही केली.

मॅडमना मी सगळं सांगितलं. शिक्षा होईल असं वाटलं होतं. त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, असाच आकडा असलेला एक जवान मागे आपल्या पायांनी घरी गेला होता. तू सांगितलं असतंस आणि हा वाचला असता तर? मी "जी मॅडम" म्हणालो. ते खरंही होतं. पण हिंगोलीहून तिथे यायला अडीच दिवस लागत. दिगंबरची बायको चौथ्या दिवशी संध्याकाळी निघाली असती तर सातव्या दिवशी ती त्याच्या खाटेजवळ असती. हा हिशेब मी नंतर इतक्या वेळा केला, की गाड्यांच्या वेळा मला अजून पाठ आहेत.

दोन हजारनंतर काही वर्षांनी रिटायर होऊन आलो. हिंगोली आता स्वतंत्र जिल्हा होता. डोंगरकड्याला जायला मला आणखी दोन वर्षं लागली. किसनराव वारले होते. दिगंबरची बायको, रुक्मिण, अंगणवाडीत मदतनीस होती. दुपारची वेळ. ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. तेव्हा पोटात होती ती मुलगी शाळेत गेली होती.

मी सगळं सांगितलं.

"मंग काहून न्हाई सांगितलं?" तिने विचारलं.

"हुकूम व्हता."

तिने मान वर केली.

"अन् हिंमत झाली न्हाई, ताई."

ती सुपातले खडे बाजूला काढत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "मामंजीचा फोन आला अन् मी चार दिवस पोटभर जेवले. पोटातल्या लेकराला सांगून राहिले व्हते, बाप येऊन राहिला म्हून. तुमच्यावर राग धरावा का काय, मला समजून नाही राहिलं."

मी उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "रगत काढताना त्याच्यासंग काही बोलायचे का तुमी?"

"व्हय. रोज."

"काय?"

"दिगंबर, जरा टोचतंय बरं का."

"आपल्या बोलीत?"

"आपल्याच."

"अजून येकडाव म्हना."

मी म्हणालो. तिने डोळे मिटून ऐकलं.

"अन् त्यो?"

"त्याच्या तोंडात नळी व्हती, ताई. पर तिसऱ्या दिवशी बोट हाललं. डाव्या हाताचं. माझ्या मनगटाला लागलं."

तिने सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.

तिला बरं वाटावं म्हणून मी हे सांगितलं नाही. तसं झालं होतं. रजिस्टरमध्ये ते कुठेच नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. नाईक दिगंबर, डोंगरकडा. डाव्या हाताचं पहिलं बोट. सकाळी आठ वाजून दोन मिनिटं.