साक्षीची चप्पल

कारंज्यात माझ्या मित्राला लोक पिवडीवाले चाचा म्हणतात. नव्या पोरांना वाटतं, रंगाच्या दुकानात पूर्वी घर रंगवायची पिवळी माती, म्हणजे पिवडी, विकायचे म्हणून हे नाव पडलं. तसं नाही. हे नाव म्हणजे शिवी होती आणि ती माझ्यामुळे त्याला चिकटली.

मी शाळेत चित्रकलेचा मास्तर, तो रंगाचा दुकानदार. दोघांनाही एकच नाद, जमिनीचे फोटो काढायचा. रविवारी सकाळी त्याच्या स्कूटरवर बसून मानोऱ्याच्या रस्त्याला लागायचो. ऊन तिरपं असेपर्यंतच काम. काळ्या रानाला पडलेल्या भेगा, पडलेल्या खोडाखाली वाळवीने बांधलेले बोगदे, सुकताना वर वळलेले चिखलाचे पापुद्रे, गोगलगाय रात्री गेल्यावर मागे राहिलेली चकचकीत रेघ. लोक हसायचे. एकदा एका बाईने विचारलं, “काय हरपलं जी? अंगठी काय?”

मित्र मान वर न करता म्हणाला, “नाही बाई. या मास्तरची अक्कल.”

आमचा एक नियम होता. जमिनीला हात लावायचा नाही. काडी उचलायची नाही, पाणी शिंपडायचं नाही. तरी लोक म्हणायचेच की हे तुम्हीच मांडलं. म्हणून आम्ही साक्ष काढायचो. एकाला काही सापडलं की दुसऱ्याने आधी त्याच्या कडेला आपली चप्पल ठेवून फोटो घ्यायचा. मग चप्पल उचलायची आणि ज्याला सापडलं त्याने खरा फोटो काढायचा. त्यामुळे माझ्या साक्षी त्याच्या कॅमेऱ्यात असायच्या आणि त्याच्या माझ्या. माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. मी तो सुतळीने बांधून तळाला गाठ मारली होती. मी काढलेल्या प्रत्येक साक्षीत ती चप्पल. तो म्हणायचा, “मास्तर, या चपलेले तरी पेन्शनीत काढ.”

त्या वर्षी पावसाळा सरला तेव्हा रस्त्याकडेच्या एका बाभळीखाली डबकं आटत आलं होतं. बाभळीची फुलं पाण्यात पडून कुजली होती. पाणी जसजसं मागे सरकलं तसतसं ते पिवळ्या भुकटीची एकेक रेघ ठेवत गेलं होतं. काळ्या चिखलावर वलयात वलय, त्याच्या आत आणखी वलय, आणि मधोमध तळहाताएवढं पाणी उरलेलं. पुढे मी होतो. मी पाहिलं आणि ओलांडून गेलो.

“काय हाय तिथं?” त्याने मागून विचारलं.

“काही नाही. गाढव मुतलं.”

तो आला आणि उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, “मास्तर, चप्पल काढ.”

मी साक्ष काढली, त्याने फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याने तो मला दाखवला तेव्हा मला कळलं, इतक्या वर्षांत माझ्याकडे असा एकही नाही. “गाढवाले माझा सलाम सांगजो,” तो म्हणाला आणि स्कूटर काढायला रस्त्यावर गेला.

मी मागे राहिलो. आणि त्या वलयांवरून चाललो. घाईत पाय पडला असं नाही. टाच रोवून, पाय फिरवून, पिवळं आणि काळं एक होईपर्यंत तुडवलं. दुसऱ्या रविवारी त्यालाही ते पुन्हा मिळू नये एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

दिवाळीनंतर गावातल्या एका मंडळाने फोटोंचं प्रदर्शन भरवलं. आम्ही दोघांनी फोटो दिले. त्याच्या फोटोपुढून लोक हलेनात. परीक्षकांपैकी एकाने चष्मा वर करून विचारलं, “हे निसर्गाचं वाटत नाही. यांचं रंगाचं दुकान आहे ना?”

“पिवडी टाकली असन,” मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

मित्र शांत होता. “मास्तर साक्षीले होता. त्याले विचारा.”

सगळे माझ्याकडे वळले. कॅमेरा माझ्या खांद्याला होता आणि साक्ष त्या कॅमेऱ्यात होती. एक बटण दाबायचं होतं. मी म्हणालो, “मी रस्त्यावर होतो. मी काही पाहिलं नाही.”

तेवढ्यावरही ते थांबले नाहीत. जागा पाहू म्हणाले. मोटारसायकलींवरून आम्ही बाभळीखाली गेलो. चिखल वाळून दगडासारखा झाला होता आणि त्यात माझी पावलं जशीच्या तशी उमटली होती. “बघा, पायाने कालवलंय,” परीक्षक म्हणाला. निकाल लागला.

मित्र उकिडवा बसला. पावलाच्या ठशात, अंगठ्यापाशी, सुतळीच्या गाठीचा खळगा होता. त्याने त्याला बोट लावलं नाही. त्याही वेळी त्याने नियम मोडला नाही. मान वळवून त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मी तीच चप्पल घालून उभा होतो. मी उजवा पाय डाव्याच्या मागे घेतला. मी बोलेन म्हणून तो थांबला होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

“चला,” मी म्हणालो, “ऊन झालं.”

त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला. माझ्या वाळवीच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं.

पुढे गावाला खेळच मिळाला. “चाचा, पावशेर पिवडी द्या, डबक्यात टाकाची हाय.” मी दुकानात बसलेला असताना लोक असं म्हणायचे आणि मी हसायचो. मी हसतो म्हटल्यावर त्यांना आणखी जोर यायचा. एकदा दुकानात कोणी नव्हतं, कोणाला हसवायचीही गरज नव्हती, तरी मी म्हणालो, “काय पिवडीवाले, रविवारी येता का?”

तो डबे पुसत होता. “तू जाय,” तो म्हणाला. “तुले साक्ष लागत नाही.”

त्याने कॅमेरा कोणालातरी देऊन टाकला. मी एकटा जात राहिलो. शाळा-शाळांतून मला बोलावणी आली. मुलांपुढे उभा राहून मी सांगायचो, जमिनीला हात लावायचा नाही.

आता शुगरने त्याची नजर गेली आहे. दुकान सून पाहते, तो गल्ल्याशेजारी बसून असतो. यंदा पोळ्याच्या आधी मी ती साक्ष मोठी छापून घेतली आणि गेलो. तो पाहू शकत नाही म्हणून माझा धीर झाला, असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

“कोण?”

“मी. मास्तर.”

“बस. तो स्टूल मोडका हाय, पडशीन.”

“साक्ष आणली. डबक्याची.”

त्याने हात पुढे केला. कागदावरून बोटं फिरवली. “हे तर गुळगुळीत हाय. तू कायबी देशीन अन् म्हणशीन साक्ष.” मग त्याने सुनेला हाक मारली. “बेटा, देख तो, क्या है इसमें?”

“चप्पल है, अब्बा. पुरानी. और कीचड़.”

“कुछ पीला है?”

“है ना. गोल-गोल. एक के अंदर एक.”

त्याची बोटं थांबली. “चप्पल का अंगूठा?”

“सुतली बंधी है.”

“हं,” तो म्हणाला. “बोल, मास्तर.”

बैलांच्या शिंगांना रंग घ्यायला तीन-चार गिऱ्हाईकं आली होती. मी आवाज खाली करून सांगायला लागलो.

“मोठ्यानं सांग. ‘काही पाहिलं नाही’ लय मोठ्यानं म्हणला होता.”

मी मोठ्याने सांगितलं. तुडवलं तेही सांगितलं. हातात लाल रंगाचा डबा धरलेला एक शेतकरी म्हणाला, “कोणतं डबकं जी?” दुसरा हसला. “मले वाटे पिवडी विकते म्हणून पिवडीवाले.” ज्या गोष्टीने त्याचं नाव घालवलं, ती त्यांच्यापैकी एकालाही आठवत नव्हती. मी माफी मागितली.

“पिवडी कोणी घेत नाही आता,” तो म्हणाला, “अन् माफीही कोणी घेत नाही. हा फोटो फ्रेम करून आण. अन् त्यातली चप्पल कापू नको.”

मी फ्रेम करून दिली. ती गल्ल्याच्या मागे, येणाऱ्याला समोरच दिसेल अशी टांगली आहे. चपलेचा फोटो कायले लावला, असं गिऱ्हाईक विचारतंच. तेव्हा तो भिंतीकडे वळतही नाही.

“ते मास्तरची चप्पल हाय. जिता हाय अजून. त्यालेच विचारा.”

आणि लोक विचारतात. बाजारात, एसटी स्टँडवर, परवा तर न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला साबण लावलेला असताना. मी प्रत्येकाला सगळं सांगतो. ऐकून झाल्यावर ते न चुकता म्हणतात, “पण काहून केलं जी?”

डबकं आधी मला दिसलं होतं, एवढंच मला सांगता येतं.