पातेलंभर पोंगल

शाळेतल्या मुलांसाठी सकाळचा पोंगल शिजवायला खालच्या वस्तीतली वेल्लत्तायी येणार हे कळलं, आणि वरच्या आळीने आपल्या पोरांना तो खायची बंदी केली. पहिल्या दिवशी वेल्लत्तायीच्या वस्तीतली मुलं तेवढी जेवली. बाकी पातेलं तसंच राहिलं.

"उद्यापासून थोडाच टाक," हेडबाई तमिळरसी म्हणाल्या. "उगाच वाया जातो."

"सगळ्या शाळेपुरता टाकणार, बाई. कमी टाकला तर त्यांचंच खरं केल्यासारखं होईल."

दुसऱ्या दिवशीही तिने तांदूळ आणि मूगडाळ पुरती घेतली, गुरगुट शिजवली आणि वरून मिरे, जिरे, कढीपत्त्याची फोडणी दिली. वास वर्गात शिरला. वरच्या आळीतली इसक्की उठली आणि ताट घेऊन सरळ पंगतीत जाऊन बसली. तिची आई पहाटेच मळ्यावर जायची; घरी खायला बहुतेक काही नसायचंच.

कुणीतरी चुगली केली. इसक्कीची आजी मुप्पिडाती तणतणत आली. "ऊठ गं कार्टे! कुणाच्या हातचं गिळतेस?"

"याने दुपारपर्यंत भूक लागणार नाही, आजी," इसक्की खाता खाताच म्हणाली.

म्हातारी वेल्लत्तायीवर उलटली, पण हिने हातातली पळी खाली ठेवली नाही. "ओरडून झालं असेल तर बसा, तुम्हालाही वाढते. नाहीतर बाजूला व्हा, पोरं खोळंबलीत."

मुप्पिडाती बसली नाही. पण नातीला उठवणंही तिला जमलं नाही. तिच्यादेखत वेल्लत्तायीने इसक्कीच्या ताटात आणखी एक पळी वाढली.