दात बघून पाडलेले गट

पंढरीच्या उजव्या हाताची तर्जनी शेवटच्या पेरात वाकडी आहे. बत्तीस वर्षांपूर्वी एका खोंडाने ती दाढेखाली धरली होती. चूक खोंडाची नव्हती, असे पंढरी अजून सांगतो. परक्या माणसाने सकाळी सकाळी तोंडात हात घातला तर कोणीही चावेल.

शीळफाट्याच्या आसपासच्या गावांत बैलगाड्यांच्या शर्यती लागत, तेव्हा बैलांचे दात बघण्याचा मान पंढरीचा असे. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला तो दुसा, चार आलेला तो चौसा, आणि सगळे जुळले की जुना. गट दातांवर पडत. मालकाने आईची शपथ घेतली तरी पंढरी खालचा ओठ ओढून एकदा बघायचा आणि गट सांगायचा. स्वतःच्या मेव्हण्याचा बैल त्याने एकदा भर मैदानात आदतमधून उचलून दुसात टाकला. मेव्हणा त्यानंतर दोन वर्षे भाऊबीजेला आला नाही. "बैलाच्या दोन दातांपायी माज्या दोन भाऊबीजा गेल्या," हे त्याची बायको सखुबाई आजही आल्यागेल्याला ऐकवते. पण ऐकवताना तिची मान ताठ असते.

पुढे भातखाचरे गेली, त्यावर मोठे गृहसंकुल आले. बैल ठेवायला चारा नाही आणि बांधायला जागा नाही, म्हणून पंढरीने शेवटची जोडी मुरबाडकडच्या एका माणसाला दिली. संकुलाचे काही टॉवर अजून रिकामेच आहेत. त्यांच्याभोवती दोन किलोमीटरचा गोल रस्ता मात्र गुळगुळीत तयार आहे. गेली तीन वर्षे जानेवारीत गावचे क्रीडा मंडळ पोलिसांची परवानगी काढून, वळणावळणांवर पेंढ्याचे गठ्ठे रचून, त्या रस्त्यावर मोटरसायकलींची शर्यत लावते. बघायला डोंबिवलीपासून माणसे येतात.

यंदा अकराच नावे आली. मंडळाचा अध्यक्ष भगवान म्हणाला, "अकरांत किती गट पाडायचे? पाच गाड्यांशिवाय गट नाही, हा आपला नियम. म्हणजे दोनच पडतील. पण कोणती गाडी कुठल्या गटात, यावरून हे लोक माझं डोकं खातात. तात्या, तुम्हीच पाडा. तुमच्या शब्दाला कोणी हात लावणार नाही."

पंढरीला गाडीतले ओ की ठो कळत नव्हते. गाडीला तो अजून गारीच म्हणतो. पण मान मिळाला की माणूस नाही म्हणत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो अकराही गाड्यांभोवती फिरला. प्रत्येकाचे कागद मागून त्याने साल तेवढे विचारले. दात नाहीत तर नाहीत, वय तर आहे! पंधरा वर्षांच्या आतल्या पाच गाड्या नव्या गटात, त्यावरच्या सहा जुन्या गटात. कर्णा घेऊन त्याने नावे पुकारली. पुकारलेला गट बदलत नाही, ही मैदानाची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक होती.

सर्वांत म्हातारी गाडी निघाली राकेशची, चौऱ्याण्णव सालची. राकेश ठाकुर्लीला राहतो आणि आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग शिकवतो. गाडी त्याच्या वडिलांची, चांगदेवची. चांगदेव तीवरून बावीस वर्षे डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला गेला. मग ती चाळीच्या जिन्याखाली पडून होती. राकेशने दोन वर्षे रविवार घालवून तिचा एकेक नट उघडला आणि पुन्हा बसवला. पंढरीने तिच्या टाकीवर थाप मारली. "ही तर आमच्यासारखी. जुन्यात घाल."

त्याच जुन्या गटात पंढरीची नात कृतिकाही होती. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सेकंडहँड घेतलेली दीडशे सीसीची गाडी चालवते. हेल्मेट काखेत घेऊन ती राकेशच्या गाडीजवळ थबकली, सायलेन्सरकडे बघितले, आजोबांकडे बघितले, पण चारचौघांत काही बोलली नाही.

शनिवारी सकाळी सरावाच्या चार फेऱ्या झाल्या. राकेशची गाडी निळा धूर सोडत, मधमाश्यांचे पोळे फुटल्यासारखी किंचाळत पुढे गेली ती गेलीच. चार फेऱ्या संपल्या तेव्हा दुसऱ्या नंबरचा दिपेश तिच्या मागे दोनशे पावले होता. बाकीच्यांचे तर विचारूच नका.

मांडवात गलका झाला.

"तात्या, म्हातारा बैल म्हणालात ना? हा तर उडणारा घोडा निघाला!"

"टू-स्ट्रोक आहे ती. आमच्यात कशी चालेल?" दिपेश हातमोजे आपटत म्हणाला. कोळेगावात त्याचे स्वतःचे गॅरेज आहे, त्याला हे सगळे पाठ. "मी काय तिचा धूर मोजायला पैसे भरलेत?"

भगवान चिडला होता. "काढून टाका तिला. तिची जातच वेगळी..." आणि तो एकदम थांबला. मांडवात कोणीतरी खोकले. राकेश पान्याने हातावरचे ग्रीस खरवडत होता, त्याने मान वर केली. भगवानचे कान लाल झाले. "इंजिनाची म्हणतोय रे मी. इंजिनाची."

"कळलं," राकेश म्हणाला. "इंजिनाची वेगळी आहेच. मी नाही कुठे म्हणालो?"

"मग नव्या गटात जा ना," दिपेश म्हणाला.

"गेलो असतो. सरळ रस्त्यावर धरेनही त्यांना. पण वळणावर त्यांना डिस्क ब्रेक आणि मला तीस वर्षांचा ड्रम. ते थांबतील आणि मी त्यांच्या पाठीत घुसेन. तुम्हाला अपघात बघायचा असेल तर सांगा."

म्हणजे नव्यांत घातली तर धोका, जुन्यांत घातली तर अन्याय, आणि एकटीचा गट नियमात बसत नाही. भगवान पंढरीकडे वळला. "तुम्ही पुकारलंय तात्या, तुम्हीच उद्या सकाळी काय ते सांगा. ती पळाली तर बाकीचे पाच जण नावं मागे घेणार. मग शर्यतच नाही. आणि काढली तर..."   तीस वर्षांत पंढरीने पुकारलेले नाव मैदानातून बाहेर गेले नव्हते. आणि बाहेर जाणार होते ते दोन वर्षे खपलेल्या माणसाचे.

दुपारी पंढरीला जेवण जाईना. ताटावर बसला आणि भाताचा डोंगर इकडून तिकडे करत राहिला.

"बाय, तुला शुक्रवारीच माहीत होता ना?" त्याने कृतिकाला विचारले.

"हो."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही कर्णा हातात घेतला होतात. मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, नातीला हरायची भीती वाटली म्हणून म्हाताऱ्याला शिकवते."

"आता शिकव."

कृतिकाने दोन इंजिने म्हणून आमटीची वाटी आणि पाण्याचा पेला शेजारी शेजारी ठेवला. "माझं इंजिन आतल्या आत दोनदा फिरलं की एकदा पेटतं. टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीत पेटतं. म्हणून वजनाला हलकी, आकाराला लहान, तरी जोर जास्त. तिचं साल बघून काही कळत नाही, आजोबा."

"म्हंजे तुजा बैल एक पाऊल सोडून जोर लावतंय, आणि त्याचा दर पावलाला."

"तसंच काहीसं."

"मी वय बगितला. जोर बगितलाच नाय." पंढरीने वाकड्या बोटाने भाताचे शीत उचलले आणि ताटाच्या कडेला लावले. "मंग काय करू? काढू त्याला?"

"मला विचारू नका," कृतिका म्हणाली. "तो असला तर मी पाचवी-सहावी येईन, नसला तर चौथी-पाचवी. मला आवडेल तो असलेला. पण फुकट हरायला दिपेशदादाला का आवडावं?"

सखुबाई ताक वाढता वाढता म्हणाली, "अवो, पूर्वी उजवी जोडी आली की काय करायचे? तुमच्या भिवाकाकाच्या बैलांसमोर कोन उभा नव्हता राहत. तरी तो दरसाल पलायचाच ना?"

पंढरीने मान वर केली. ताटातला भात त्याने मग तीन घासांत संपवला.

रविवारी सकाळी मांडव भरला. राकेशबरोबर चांगदेवही आला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात पाण्याची बाटली. पंढरीने कर्णा घेतला.

"चूक माजी हाय," तो म्हणाला. कर्ण्यातून ते संकुलाच्या रिकाम्या टॉवरांवर आपटून दोनदा ऐकू आले. "गारीचा वय बगून मी गट पाडला. राकेशची गारी जुन्यांत बसत नाय, नव्यांत पन बसत नाय. तो माज्या शब्दावर आलाय, म्हनून तो जानार नाय. पन आमच्यात एक रीत होती. ज्याची जोडी उजवी, त्यानं आपली रेघ आपल्या हातानं मागं मारायची. कोनी सांगायचा नाय, कोनी मोजायचा नाय. मालकाचा इमान. राकेश, कबूल असला तर ही फक्की घे. नसला तर शर्यत रद्द, आणि सगल्यांची प्रवेश फी मी भरतो."

चुन्याच्या फक्कीचे घमेले पुढे आले. राकेशने क्षणभर वडिलांकडे पाहिले. चांगदेव बाटलीचे झाकण लावत होता, त्याने काही खूण केली नाही.

राकेशने घमेले उचलले आणि तो चालू लागला.

पन्नास पावलांवर लोक हसले. "बस झालं रे, मास्तर!" शंभरावर दिपेश कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "इथेच मारेल बघ," भगवान पुटपुटला. राकेश चालतच होता. दोनशे झाली. मांडवातले हसू थांबले. पंढरी ओठ न हलवता मोजत होता. कोणी मोजायचे नाही असे आपणच सांगितले, हे त्याला आठवतही नव्हते. तीनशेच्या सुमारास राकेश थांबला, मागे वळून झेंडा दिसतो का पाहिले, आणखी थोडा गेला, वाकला आणि पांढरी रेघ ओढली.

 दिपेशने हेल्मेट घातले.

सहा फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत राकेश नुसता निळा ठिपका होता. तिसऱ्या फेरीत त्याने कृतिकाला गाठले. ती वळणावर आतून जरा झुंजली, मग त्याला जाऊ दिले. पाचव्या फेरीला पुढे फक्त दिपेश उरला. सखुबाई खुर्चीवर उभी राहिली होती आणि तिला कोणीही खाली बस म्हणत नव्हते. शेवटच्या सरळ रस्त्यावर दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून आल्या आणि झेंड्याखालून धूर आणि धूळ उडवत निघून गेल्या.

"राकेश! राकेशचं चाक पुढे!" सर्वांत मोठ्याने ओरडत होता भगवान. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! तात्या, राकेशचं नाव घ्या!"

पंढरी झेंड्याखालच्या रेघेच्या टोकाशी गुडघ्यावर बसला होता. तो हळूहळू उठला, पँट झटकली आणि कर्णा तोंडाशी नेला. "दिपेश पयला. अर्ध्या चाकानं."

"अहो तात्या, काय बोलताय? आंधळे झालात काय!" भगवानने टोपी काढून टेबलावर आपटली. दिपेश हेल्मेट न काढताच राकेशकडे गेला आणि दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी जोरजोरात बोलत राहिले. कृतिका चौथी आली होती. तिला कोणी विचारले नाही, त्यामुळे ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरली.

चहा आला तेव्हा चांगदेव पंढरीच्या शेजारी बसला होता. राकेश घामाने निथळत समोर येऊन उभा राहिला.

"किती पावलं गेलेलास?" चांगदेवने विचारले.

"तीनशे दहा."

"चार फेऱ्यांना दोनशे पुढे होतास, तर सहांना तीनशे. वरची दहा कशाला?"

राकेशने कपाळ पुसले. "काल शेवटच्या फेरीत मी थोडी आवरली होती, बाबा. कोणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं."

चांगदेवने हिशेब केल्यासारखे डोळे मिटले. "तीनशे पुरली असती," तो म्हणाला. "पहिला आला असतास."

"आला असता," पंढरी म्हणाला, आणि आपला चहा त्याने राकेशच्या हातात दिला.