मेयोच्या गोठ्यातला खरवस

साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी परदेशी आमच्याकडे आलेली माझी आई दीड महिन्यातच म्हणायला लागली, "माझं तिकीट अलीकडचं कर गं. हितं मला कामच न्हाई." खरंच होतं ते. मी आणि माझा नवरा निखिल ऑफिसात, ती आमच्या स्वोर्ड्स गावातल्या घरात दिवसभर खिडकीशी. पण मला ती हवी होती हो! शेवटी म्हटलं, जायचंच तर जा, आधी एक सहल तरी करू. मेयो परगण्यातल्या गुरांच्या एका फार्मवर मुक्कामाला जागा बघितली आणि कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली.

शुक्रवारी सकाळी निघालो. वाटेत मलिंगारला थांबून डिझेल भरलं, थर्मासमधला चहा घेतला. पाच तास धरून चला, कारण मेयोत शिरल्यावर रस्ता असा काही अरुंद होतो की मधोमध गवत! समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा निखिलच्या तोंडून थेट रामनाम निघालं. फार्मवर रात्रीचे वीस युरो, वीज-पाणी त्यातच. मोबाईलला रेंज नाही आणि दुकान चाळीस मिनिटांवर, तेव्हा किराणा आधीच भरून न्या. चिलटांसाठी मलमही न्या, फोडून काढतात.

मालक पॅट, सत्तरीचा, एकटाच. मांसासाठी पाळलेली चाळीसेक गुरं आणि घरच्या दुधाला दोन गाई. आई व्हॅनमधून उतरली ती सरळ गोठ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावतच आली. "पांढरी व्याली गं! कालवड झाली! त्याच्याकडं चीक माग."

"आई, असं कुणी मागतं का?"

"मागत्यात! वासराचं पोट भरलंय, मी बघितलंय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अडखळत पॅटला सांगितलं, पहिल्या दुधाचं आमच्याकडे गोड करतात. तो आईकडे वळला.

"माझी आई याचे पॅनकेक करायची," तो म्हणाला. "ती गेल्यापासून उरलेलं मी ओतूनच टाकतो." आणि किटलीच पुढे केली.

व्हॅनमधल्या एकुलत्या एका पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचा डबा, चिकात साधं दूध, गूळ, वेलदोडा. तासाभरात खरवस! पॅटने पहिली वडी तोंडात टाकली. मग "ग्रँड" म्हणत चार वड्या संपवल्या. डोळे मात्र पुसले त्याने.

"वाढ अजून त्याला," आई म्हणाली. इतकी खूश मी तिला इथे आल्यापासून पाहिली नव्हती.

सोमवारी घरी आल्यावर जड मनाने लॅपटॉप उघडला, तिकिटाची तारीख बदलायला.

"ऱ्हाऊ दे ते," आई म्हणाली. "त्याची तांबडी म्हैन्याभरात व्याल. मी येते म्हणलंय त्याला."

"कुठल्या भाषेत?"

"बोटं दाखवून!"

इतके दिवस मी थांब, थांब म्हणून गळ घातली आणि बाई थांबली कुणासाठी, तर पॅटच्या तांबड्या गाईसाठी! लागलं जरा मनाला, खोटं कशाला बोलू? मग तिकिटाचं पान बंद केलं आणि पुढच्या महिन्यासाठी व्हॅन बुक करून टाकली.