बॅटीचं दावं

माझं लग्न होऊन मी अर्जुनीला आले तेव्हा सासऱ्यांशी बोलायची सुनेला मुभा नव्हती. त्यांना मामाजी म्हणायचं, पण म्हणायचं मनातल्या मनात. काही सांगायचंच झालं, तर दाराआड उभं राहून मांजरीला सांगायचं. मामाजी ऐकायचे आणि उत्तरही मांजरीलाच द्यायचे. मांजर मधे बसून मिशा पुसायची. या घरात तिच्याएवढी कामाची बाई दुसरी नव्हती, असं मला अजूनही वाटतं.

आमच्या ह्यांना क्रिकेटचं वेड होतं. अंगात खेळ मात्र औषधापुरताही नव्हता. गोंदियाला रेल्वेच्या एका साहेबाची बदली झाली आणि त्याच्या सामानाचा लिलाव निघाला. घरून कंदील आणायला म्हणून गेलेले हे बॅट घेऊन परत आले. आठवडाभर आम्ही चिमणीच्या उजेडात जेवलो. पण ती खरी विलायती बॅट होती, आणि गावच्या टीमकडे तोवर सुताराकडून घडवून घेतलेली सागाची फळीच होती. टीमचा कप्तान स्टेशनावरचा तारबाबू होता. तो ह्यांना तोंडावर म्हणाला, “बल्ला लाओगे तो खेलोगे.” म्हणजे टीममध्ये जागा बॅटीला होती, हे नुसते तिला घेऊन यायचे. ह्यांना त्याचंही काही वाटायचं नाही. रविवारी सकाळी पांढरी पँट चढवताना ह्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मला त्या माणसाची दया यायची आणि मायाही.

गोंदियाच्या टीमशी सामना ठरला आणि नेमका त्याच आठवड्यात बॅटीच्या मुठीचा दोरा उसवला. मूठ हातात गरगर फिरायला लागली. बॅट गेली की टीममधली जागाही गेली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ह्यांनी धानाच्या पोत्याची सुतळी उसवली आणि ओसरीत बसून मुठीला गुंडाळली. पहिल्याच टोल्याला सुतळी सुटली ती ह्यांच्या बोटांत गुंतली, बोटांतून कोपरात. दुसऱ्यांदा गुंडाळताना ह्यांनी स्वतःचा सदराही आत बांधून घेतला. मी तोंडात पदर कोंबून हसले.

मामाजी अंगणात अंबाडीची दोरी वळत होते. धान निघालं की त्यांचे हात तेच काम करायचे; दावी, शिंकी, खाटेच्या दोऱ्या. क्रिकेटवर त्यांचा राग होता. पण वाईट गाठ त्यांना त्याहून सहन होत नसे. ते उठले, मुलाला सदऱ्यातून सोडवलं आणि बॅट ओढून घेतली.

“हे गाठ हाये का जांभई हाये?” ते म्हणाले.

मग त्यांनी अंबाडीची बारीक सुतळी भिजवली, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि मुठीवर वेढ्याला वेढा लावत गेले. काम इतकं देखणं झालं की मला ती बॅट वापरूच नये असं वाटलं. फक्त शेवटी त्यांनी वरच्या टोकाला वीतभर लांबीचा एक फास ठेवला.

मी दाराआडून म्हटलं, “मांजरे, पाह्य ना वो, हा फास कायले ठेवला? खेळतानी अडकन ना हातात!”

मामाजी मांजरीला म्हणाले, “सांग तिले. या घरची कोनतीबी वस्तू भुईवर लोळत नाही, खुंटीवर राहते. बॅट काऊन लोळन?”

कोयता, विळा, शिंकं, सगळं खुंटीवर, तशी बॅटही खुंटीवर. फास कापायची ह्यांची हिंमत नव्हती. तेव्हा ह्यांनी तो मनगटात अडकवून खेळायचं ठरवलं.

गोंदियाची मंडळी छोट्या लाइनीच्या रेल्वेगाडीने आली. तलावाच्या खालच्या, धान कापलेल्या शेतात, म्हणजे बांधीत, सामना होता. मामाजी कडेच्या धुऱ्यावर येऊन बसले. खेळ बघायला नाही, आपली गाठ बघायला. आम्ही बायका पाण्याचं निमित्त काढून मागे तलावाच्या पाळीवर उभ्या होतो. शाळेचे मास्तर पंच होते.

हे सगळ्यांत शेवटी खेळायला उतरले. जिंकायला दोन धावा हव्या होत्या आणि तारबाबूने कपाळाला हात लावला होता. ह्यांनी डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू कसा कोण जाणे, लागला! एक धाव झाली. दुसऱ्या धावेला धानाच्या धसकटात पाय अडकला आणि हे सपशेल तोंडावर आपटले. हातातली बॅट सुटून पुढे पडली. तिकडे गोंदियावाल्याने यष्ट्या उडवल्या.

सगळे धावत गेले आणि बघतच राहिले. हे रेघेच्या बाहेर पालथे. बॅट रेघेच्या आत. आणि मधे, ह्यांच्या मनगटापासून बॅटीपर्यंत ताणलेला मामाजींचा फास.

“बल्ला हाथ में होना चाहिए, मास्टरजी! हाथ में!” गोंदियाचा कप्तान ओरडला.

मास्तरांचं बोट वर जायला लागलं. तारबाबू ह्यांच्याकडे असा बघत होता की पुढच्या रविवारचं मला तेव्हाच कळलं. हे मातीतून मान वर करून मास्तरांकडे बघत होते, नाकाला माती लागलेली. मांजर घरी होती. मी पाळीवरूनच ओरडले,

“मामाजी, सांगा ना! बैलाचं दावं हातात असलं, तं बैल हातात हाये म्हंतेत का नाही?”

बाजूच्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. मामाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माहेरची वाट.

ते उठले आणि मास्तरांजवळ गेले. “सून बरोबर म्हंते. मास्तर, तुमी बाजारातून गाय आनली, तं हातात गाय होती का दावं?”

“दावं,” मास्तर म्हणाले.

“मंग घरी काय सांगतलं? दावं आनलं?”

मास्तरांनी बोट खाली घेतलं. गोंदियावाले पुष्कळ बोंबलले, पण त्यांच्या गाडीची वेळ झाली होती. आम्ही जिंकलो.

तारबाबू तरीही ह्यांना म्हणालाच, “अगले इतवार बल्ला भेज देना, तुम आराम करो.”

मामाजी बॅटीच्या मुठीवरून हात फिरवत म्हणाले, “ने ना बाबू. पन दावं सोडाचं नाही. दाव्याले जे बांधलं हाये, तेबी संगं न्या लागते.” ह्यांचं मनगट अजून फासातच होतं. तारबाबू हसला आणि ह्यांची जागा पक्की झाली.

संध्याकाळी बॅट खुंटीवर गेली. मी दाराआड उभी राहिले. भीतभीत म्हटलं, “मांजरे, विचार ना, ताट वाढू का?”

मामाजी मांजरीला म्हणाले, “जाय वो. तुले आजपासून सुट्टी.”

मग खुंटीवरच्या बॅटीकडे बघत, माझ्याकडे नाही, ते म्हणाले, “वाढ बाई. भूक लागली.”