पडद्यावरचा फुगा

माझ्या धाकट्या जावेला, सुमनला, उदासीच्या आजारावर मेंदूचे उपचार चालू आहेत. डोक्याला तारा लावतात आणि समोरच्या पडद्यावर एक फुगा दिसतो. मन निवांत झालं की तो वर चढतो, नाहीतर खाली बसतो. परवा मी सोबत गेले, तेव्हा सुमन परीक्षेला बसल्यासारखी दात आवळून बसली, आणि फुगा काही हलेना.

"आजी, काही करू नका, नुसत्या बसा," दवाखान्यातली मुलगी तिला म्हणाली.

"नुसती कशी बसू गं? जन्मात कधी बसले नाही."

मला हसू आलं, आणि मग वाईट वाटलं. एवढ्यात, कापूस नसतानाही, तिचे हात आपसूक मांडीवर वाती वळायला लागले. फुगा हळूच वर निघाला.

वर्षभर मी तिला विचारत होते, "बरी आहेस ना?" ती "बरी आहे" म्हणायची आणि मला तेवढं पुरायचं. आतलं दाखवणारा पडदा घरात कुठला असायला?

परतताना रिक्षात मी सवयीनं तेच विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली.

या वेळी मी तिच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर निपचित पडले होते.

"खोटं," मी म्हटलं.

"हो, ताई," सुमन म्हणाली.